माझा जी १०.८ का येतो? बीएस्सीवाल्या वाचकांचे प्रश्न

सेमिस्टर सुरू झालं की या पानावर सायन्स कॉलेजवाल्यांचीच गर्दी होते, याही वेळी तसंच झालंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत, आणि काहींना मेलवरच उत्तर दिलंय म्हणून ते इथे नाहीत.

प्रश्न : मॅडम, एफवायला आम्हाला बार पेंड्युलमचं (भोकं पाडलेली पट्टी एकेका भोकात टांगून झुलवायची) प्रॅक्टिकल आहे. मी आणि पार्टनरने सगळी रीडिंग स्वतः घेतली, प्रत्येक होलला २० ऑसिलेशनचा वेळ तीन-तीनदा घेतला, ग्राफपण मस्त आलाय, पण जी (गुरुत्व त्वरण) १०.८ येतोय. बाकी अख्ख्या बॅचचा ९.८१. सगळे म्हणतायत सीनियरची जर्नल घे आणि उतरव, कशाला डोकं लावतो. सबमिशन जवळ आलंय, काय करू? (एफवाय बीएस्सी, सांगली जिल्हा)

अरे, बॅचमध्ये खरं प्रॅक्टिकल तुम्ही दोघांनीच केलेलं दिसतंय! उतरवू नकोस, आधी हा १०.८ आला कुठून ते शोधू.

मला एक सांग, बार सोडल्यावर स्टॉपवॉच चालू करताना तुमच्यापैकी जो मोजतो तो तोंडाने काय म्हणतो? माझी पैज आहे की "एक" म्हणतो. तिथेच घोळ आहे. त्या क्षणी एकही ऑसिलेशन झालेलं नसतं, तिथे "शून्य" म्हणायचं असतं. "एक" पासून सुरू करून "वीस" ला बटण दाबलं की प्रत्यक्षात झाली एकोणीस, आणि तू भागलंस वीसने. म्हणजे टी, एका ऑसिलेशनचा वेळ, पाच टक्के कमी आला, आणि फॉर्म्युल्यात टीचा वर्ग खाली असल्यामुळे जी जवळजवळ अकरा टक्क्यांनी फुगला. २० भागिले १९ चा वर्ग कर, १.१०८ येतो, त्याने ९.७८ ला गुण, १०.८४. तुझा आकडा हाच ना?

पण मी म्हणतेय म्हणून लगेच खरं मानू नको. लॅब असिस्टंट काकांना विचारून अर्धा तास लॅब उघडून घे, टोकाकडचं एकच होल घे आणि शून्यापासून मोज. एक मीटरचा बार असेल तर टोकाजवळच्या होलला २० ऑसिलेशनला साधारण ३२ सेकंद लागायला हवेत. तुझ्या जुन्या टेबलात तिथे ३०.४ च्या आसपास काहीतरी असेल तर चोर सापडला. नसेल तर मग होलमधली अंतरं बघ, नाइफ एज (बार जिच्यावर टेकतो ती धार) घट्ट बसली होती का बघ, आणि कोन फार मोठा घेतला होता का तेही बघ, पण त्याने एवढा मोठा फरक पडत नाही, दहा डिग्रीच्या झोक्यालासुद्धा टी फक्त ०.२ टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि तोसुद्धा उलट्या दिशेने.

तुझ्या १०.८ पेक्षा मला बाकीच्यांचा ९.८१ जास्त खटकतोय. सांगलीत जी ९.८१ नाहीच मुळात! ते लंडन-पॅरिसकडचं मूल्य झालं. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्ताकडे फुगलेली आहे म्हणून आपल्याकडे जी कमी, महाराष्ट्रात बहुतेक सगळीकडे ९.७८ च्या आसपास. शिवाय हाताने स्टॉपवॉच दाबायचं म्हटलं की एक-दीड टक्का इकडेतिकडे होणारच, म्हणजे कुणाचा ९.६५ येईल, कुणाचा ९.९, एखाद्याचा नशिबाने ९.८१ पण येईल. अख्ख्या बॅचचा ९.८१ येतो तेव्हा तो पेंड्युलममधून नाही, पुस्तकाच्या मागच्या टेबलातून आलेला असतो, आणि हे सरांनाही माहीत असतं, फक्त पंचवीस जर्नल एका दुपारी सही करायच्या असल्या की कोण बोलतंय.

जर्नलमध्ये काय लिहायचं? पहिलं टेबल खोडू नकोस, फाडून तर अजिबात नको. त्यावर एक तिरकी रेघ मार, बाजूला लिही की मोजणी एकपासून झाली होती, खाली नवीन टेबल काढ आणि नवीन जी लिही, जो येईल तो. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या एक्सटर्नलने ते पान उघडलं तर तुझ्याकडे बोलायला दहा मिनिटांचा मजकूर आहे, बाकीच्यांकडे फक्त एरर परसेंटेजची व्याख्या. एखादे सर यावरही मार्क कापतात, असे सर असतात, खोटं कशाला बोलू. कापू देत. एक-दोन मार्कांनी तुझं काही अडणार नाहीये.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी मीडियम. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजीत होती पण सर मराठीतच शिकवायचे. आता शहरातल्या कॉलेजात आलेय तर मॅडम सलग इंग्रजीत बोलतात, पीपीटी फास्ट पळवतात, मला निम्मं कळत नाही आणि उठून विचारायची लाज वाटते. घरची शेती आहे, होस्टेलचा खर्च पण झेपत नाहीये. वाटतं उगाच सायन्स घेतलं. (एफवाय बीएस्सी, मूळ गाव बीड जिल्हा)

अगं, तुझ्या वर्गात निम्म्या जणांची हीच गत आहे, फक्त ते मान डोलावतात. तुला इंग्रजी येत नाही असं नाही, तुला कानाची सवय नाही. केमिस्ट्रीचं इंग्रजी तसं फार थोडं असतं, एका चॅप्टरला वीस-पंचवीस शब्द, बाकी सगळी "इज" आणि "देअरफोर". उद्या जो टॉपिक होणारे तो आज रात्री फक्त वाचून ठेव, समजला नाही तरी चालेल, नवे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिही. मग तेच शब्द मॅडमच्या तोंडून आले की कान पकडतात. हे महिनाभर केलंस की फरक जाणवेल, पहिल्या आठवड्यात नाही जाणवणार, तेव्हा सोडू नको.

आणि शिकलेलं रूमवर मराठीत कुणालातरी समजावून सांग. मैत्रिणीला सांग, नाहीतर भिंतीला सांग. मराठीत सांगता आलं नाही म्हणजे ते कळलेलंच नाही, मग इंग्रजी कितीही पाठ असू दे. पेपर लिहायचा मात्र इंग्रजीत, त्यामुळे उत्तरं रोज एक तरी लिहून काढायचीच.

उठून विचारायची लाज वाटत असेल तर वर्गात नको विचारू. लेक्चर संपल्यावर स्टाफरूमच्या दाराशी जा, वही उघडून बोट ठेव, "मॅडम ही स्टेप". दोन शब्दांचं काम आहे, आणि माझा अनुभव असा की दुसऱ्यांदा गेलीस की मॅडम स्वतःच मराठीवर येतात.

खर्चाचं म्हणशील तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन "कमवा आणि शिका" चालू आहे का ते विचार, बऱ्याच ठिकाणी लायब्ररी, लॅब, गार्डन असं काम देतात, तासावर पैसे मिळतात. यात कमीपणा काही नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ ला साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर. राज्य सरकारच्या महाडीबीटी साइटवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलायस का? नसशील तर हे वाचून झाल्यावर आधी ते कर, शेवटच्या दिवशी साइट बसते. आणि बारावीला बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात असशील तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती बघ, बेसिक सायन्सला असणाऱ्यांना वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार थेट आणि २० हजार उन्हाळी प्रोजेक्टसाठी. मेरिटमध्ये असूनही फॉर्म न भरणारी मुलं मी दरवर्षी बघते, कारण काय तर कुणी सांगितलंच नाही.

प्रश्न : मेजर केमिस्ट्री, मायनर झूलॉजी, त्यात ओई, व्हीएससी, एसईसी, आयकेएस, सीसी… मॅडम, आम्हाला विषय कमी आणि शॉर्टफॉर्म जास्त आहेत. चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यावं की तीन वर्षांत बाहेर पडून एमएस्सी करावी? कॉलेजात कुणीच नीट सांगत नाही. (एसवाय बीएस्सी, नाशिक)

कुणी नीट सांगत नाही कारण सांगणारेही अजून शिकतायत. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत हे नवीन शैक्षणिक धोरण २०२३-२४ ला आलं, बाकीच्यांकडे २०२४-२५ ला, म्हणजे तुमचीच बॅच रस्ता पाडत चाललीये असं समजा.

हिशोब सोपा आहे. तीन वर्षांची डिग्री म्हणजे किमान १२० क्रेडिट, चार वर्षांची म्हणजे १६०. थिअरीचं एक क्रेडिट १५ तासांचं, प्रॅक्टिकलचं ३० तासांचं. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल कागदावर साठ तासांचं असतं, हे लक्षात ठेव आणि तुझ्या लॅबमध्ये खरोखर किती तास होतात ते मोज. मोजलंस की चौथ्या वर्षाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

कारण चौथं वर्ष दोन तऱ्हांचं आहे. एक साधं ऑनर्स, त्यात जास्तीचे पेपर. दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, त्याला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि वर्षभर गाइडच्या हाताखाली प्रोजेक्ट असतो. ते चांगल्या मार्कांनी झालं तर नियमाप्रमाणे एमएस्सी न करता थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. आता तुझ्या डिपार्टमेंटमध्ये मान्यताप्राप्त गाइड आहेत का, चालणारं यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे का, की कपाटात कव्हर घालून ठेवलंय? मागच्या दोन वर्षांत तिथल्या कुणी पीएचडी केलीये का? उत्तरं हो असतील तर बिनधास्त थांब. नाही असतील तर त्याच चार भिंतींत अजून एक वर्ष कशाला काढतोस, तीन वर्षांनी बाहेर पड आणि मोठ्या जागी एमएस्सी कर. एकूण वर्षं तशीही पाचच, तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक. हे माझं मत, तुझे एचओडी (विभागप्रमुख) वेगळं सांगतील कारण त्यांना चौथ्या वर्षाच्या सीटा भरायच्यात, त्यांचंही चूक नाही.

बाहेर पडायचं तर आयआयटी जॅमचा (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म टीवायला असतानाच भरायचा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतो, परीक्षा फेब्रुवारीत, तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. अवघड आहे का? अभ्यासक्रम बीएस्सीचाच आहे, प्रश्न फिरवून विचारतात. युनिव्हर्सिटीच्या पेपरला पाच वर्षांचे प्रश्न पाठ करून जातात तसं तिथे चालत नाही एवढंच. एसवायच्या सुट्टीत सुरू केलंस तर वेळ भरपूर आहे.

परदेशाचा विचार असेल तर मात्र चार वर्षांची डिग्री उपयोगी पडते, अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या सोळा वर्षांचं शिक्षण मागतात.

आयकेएसबद्दल (भारतीय ज्ञानप्रणाली) विचारू नको, कॉलेजगणिक वेगवेगळं शिकवतायत.

प्रश्न : माझी मुलगी टीवायला आहे, मायक्रोबायोलॉजी. तिला पुढे रिसर्चच करायचंय म्हणते. पीएचडी होईपर्यंत वय २७-२८ होईल, नातेवाईक विचारतात लग्नाचं काय, पगार काय. मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर झालोय. मला तिला अडवायचं नाही पण परिस्थिती समजून घ्यायचीये. (पालक, सातारा)

दादा, प्रश्न सरळ विचारलात, उत्तरही सरळच देते.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा नंतर सीएसआयआर-नेटची परीक्षा असते, तीत जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पीएचडी करताना पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार मिळतात, होस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. म्हणजे मुलगी "अजून शिकतेच आहे" असं नातेवाईक म्हणतील तेव्हा ती कमावतही असेल. पण प्रत्येक पीएचडीवाल्याला हे पैसे मिळतात असं धरून चालू नका. जेआरएफ नसताना नाव नोंदवलं तर कित्येक ठिकाणी एक रुपया मिळत नाही, वर फी भरावी लागते. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप त्या त्या प्रवर्गासाठी आहेत, त्या बघाव्यात. आणि मंजूर झालेली फेलोशिपसुद्धा खात्यावर यायला कधीकधी महिनोनमहिने लावते, तेवढी हाताशी सोय हवी.

पीएचडीनंतर कॉलेजात पर्मनंट नोकरी मिळेलच असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, खालचं पत्र वाचा. मायक्रोबायोलॉजीला मात्र बाहेर जागा आहेत, लसी, औषधं, फूड, पाणी तपासणी. एमएस्सी झाली की क्यूसीत (मालाच्या दर्जा तपासणीत) नोकरी मिळू शकते, दोन-तीन वर्षं करून परत पीएचडीकडे वळलेल्या मुली मी पाहिल्यात आणि त्या जास्त खमक्या असतात. पुण्यातच एनसीएल, आयसर, आघारकर या संशोधन संस्था आहेत, उन्हाळ्यात दोन महिने प्रोजेक्टला जाता येतं का ते तिने आत्ताच मेल करून विचारावं. वीस मेल टाकले की दोघंतिघं उत्तर देतात. तिथे दोन महिने पेट्री डिशवर कॉलन्या मोजत बसली, निम्म्या प्लेटा कंटॅमिनेट झालेल्या पाहिल्या आणि तरी म्हणाली की हेच करायचंय, तर मग तुम्ही निर्धास्त राहा.

नातेवाईकांना सांगायला एक गोष्ट देते. कमला सोहोनी, दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. १९३३ ला मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला पहिली आली आणि बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला तर सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाही म्हटलं. ती हटली नाही, प्रोबेशनवर का होईना प्रवेश घेतला, पुढे १९३९ ला केंब्रिजची पीएचडी, आणि शेवटी मुंबईच्या विज्ञान संस्थेची संचालक. लग्न, मुलं सगळं झालं मधल्या काळात. यावर नातेवाईक काय म्हणाले ते मला कळवा.

प्रश्न : सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालोय, पीएचडी सबमिशनच्या टप्प्यावर आहे, दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवतो. सकाळी एका गावाला, दुपारी दुसऱ्या. मे-जूनला हातात काही नाही, बिलं उशिरा निघतात. वय ३४. थांबावं की सोडावं? (तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, विदर्भ)

सर, "संयम ठेवा, दिवस येतील" असं मी लिहिणार नाही. ते तुम्हाला सगळ्यांनी सांगून झालंय.

सीएचबी ही तात्पुरती सोय होती, आता तीच व्यवस्था झालीये, डिपार्टमेंटच्या डिपार्टमेंट तासिकेवर चालतायत, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाइल मात्र तुमच्याकडूनच करून घेतात आणि फाइल करायच्या तासाचे पैसे नाहीत. तेव्हा स्वतःला एक तारीख घालून घ्या. पीएचडीचा व्हायव्हा झाल्यापासून दोन भरतीच्या फेऱ्या, किंवा अमुक वर्षाचा जून. तोपर्यंत मन लावून प्रयत्न, त्यानंतर दुसरं क्षेत्र, आणि त्याची तयारी आजपासून. घरी बायकोला, आईवडिलांना ती तारीख सांगून ठेवा म्हणजे दरवर्षी पुढे ढकलली जाणार नाही.

दरम्यान कागद जपा. नेमणुकीची ऑर्डर, युनिव्हर्सिटीची मान्यता, अनुभवाचा दाखला, सगळं त्या त्या वर्षी हातात घ्या. प्राचार्य बदलले की जुन्या वर्षाचा दाखला काढताना चपला झिजतात. पैसे भरून चार दिवसांत पेपर छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. यूजीसीने केअर लिस्टच (मान्य जर्नलांची यादी) २०२५ ला बंद केली, आता यादीत आहे म्हणून चालतो असं म्हणायची सोय राहिली नाही, मुलाखतीत समोरचा पेपर वाचून प्रश्न विचारू शकतो. एकच पेपर असू दे पण त्यातला प्रत्येक ग्राफ तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. आणि मुलाखतीआधी कुणी मध्यस्थ आकडा घेऊन आला तर जमीन विकू नका. विकलेली जमीन आणि न मिळालेली नोकरी, दोन्ही गेलेले लोक तुमच्याच तालुक्यात सापडतील, त्यांच्याशी एकदा बोला.

तुमचा विषय तुम्ही लिहिला नाहीत. लिहा, मग क्षेत्र कोणतं ते नीट बोलता येईल.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये निम्मी इन्स्ट्रुमेंट बंद आहेत. ग्रेटिंगला (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच) बुरशी, सोडियम लॅम्प उडालेला. आम्ही काय शिकणार? (एसवाय, ग्रामीण भागातलं कॉलेज)

तक्रार खरी आहे, आणि प्राचार्यांना लेखी द्या, तोंडी नको. दुरुस्ती होईपर्यंत हे करा.

फोनवर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप टाका, जर्मनीतल्या आखेनच्या युनिव्हर्सिटीने केलंय, फोनचे सेन्सर वापरून प्रयोग करता येतात. दोघांनी दोन फोन घेऊन पाच मीटरवर उभं राहायचं, त्यातलं अकूस्टिक स्टॉपवॉच लावायचं, एकाने टाळी वाजवायची मग दुसऱ्याने, दोन फोनच्या वेळेतल्या फरकावरून आवाजाचा वेग निघतो. तीस डिग्रीच्या दुपारी ३५० मीटर पर सेकंदच्या जवळ यायला हवा. पुस्तकातला ३३२ शून्य डिग्रीचा असतो, तो तुमच्याकडे आला तर कुणीतरी उतरवलाय.

ग्रेटिंग नाही तर जुनी सीडी घ्या, भंगारात ढिगाने पडल्यात. तिच्यावरच्या रेघांत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. लाल लेझर पॉइंटर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातनं सीडीवर सरळ मारा, पुठ्ठा सीडीपासून एक मीटरवर. मधल्या ठिपक्यापासून साधारण ४४ सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंना ठिपके पडतील, पुठ्ठा तेवढा रुंद हवा. त्यावरून वेव्हलेंथ काढा, पॉइंटरवर ६५० नॅनोमीटर छापलेलं असतं त्याच्याशी ताडून बघा. मग डीव्हीडी घ्या आणि उलटं करा, वेव्हलेंथ धरून रेघांतलं अंतर काढा. डीव्हीडीला ठिपके फार लांब पडतात, एक मीटरवर पावणेदोन मीटरच्याही पुढे, तेव्हा पुठ्ठा जवळ आणा. लेझर चमकत्या सीडीवरून परत डोळ्यात येऊ शकतो, त्यामुळे खोलीत कुणीही खाली वाकून सीडीच्या पातळीला डोळा नेऊ नका, आणि हे सगळं रात्री होस्टेलवर करायचं तर रेक्टरना आधी सांगा.